साहेबांसमोरचा आवाज

परवा अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, एका टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर आवाजाच्या शिबिराचा फ्लेक्स पाहिला. 'आवाज आपला, काळजी आमची.' मध्यभागी मालकांचा फोटो, शेजारी हॉस्पिटलच्या विभागप्रमुखांचा, आणि खाली कोपऱ्यात पाण्याच्या ग्लासात नळी घालून बुडबुडे काढणारी एक बाई. बाई हसतेय. तिचं नाव नरसम्मा. त्याच कारखान्यात ती कांडी भरते, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांडीवर सूत गुंडाळते. आत जाऊन तिच्याशी बोलून बघा. तोंड हलताना दिसेल. बाकी सगळी हवा.

फ्लेक्स फाडावासा वाटला. हात वर गेलाही होता. पण शिवलीलाक्कांनी विचारलं असतं, "फाडून काय सिद्ध झालं?" हात खाली आला. त्या बाईंचा हा मोठा त्रास होता. आपल्याला चांगला राग आलेला असायचा, आणि त्या पुरावा मागायच्या.

शिवलीलाक्का मूळच्या वळसंगच्या. घरात कन्नड, बाजारात मराठी, रागावल्या की दोन्ही. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, कान-नाक-घशाच्या विभागात, जिन्याखालच्या खोलीत त्या व्हॉइस थेरपी द्यायच्या. घसा बसलेल्या, स्वरतंतूंवर गाठी आलेल्या, बोलता बोलता आवाज फाटणाऱ्या माणसांना आवाज वापरायचा कसा ते शिकवायचं, हे त्यांचं काम. लोक त्यांना 'आवाजाची डॉक्टर' म्हणत. त्या दर वेळी दुरुस्त करत, "डॉक्टर वरच्या मजल्यावर. मी फक्त सवयी मोडते."

माझी त्यांची ओळख माझ्याच घशामुळं झाली. कामगारांच्या मोर्चात घोषणा देऊन देऊन माझा आवाज पार बसला होता. संघटनेत पत्रकं मीच लिहायची आणि घोषणाही मीच द्यायची, त्यामुळं आवाज गेला तर अर्धी चळवळ गेली असं माझं प्रामाणिक मत होतं. मी खोलीत शिरले आणि घोगऱ्या आवाजात सगळा इतिहास सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं नाही. टेबलावर बोटानं टकटक केली.

"सुम्निरु."

मला कन्नड येत नाही, पण 'गप बस' कुठल्याही भाषेत कळतं.

"आठवडाभर बोलायचं नाही. कुजबुजायचं पण नाही. कुजबुजलीस तर जास्त ताण पडतो."

मी कागदावर लिहिलं, 'मोर्चा आहे.'

"मग मोर्चा कर की. तोंड कशाला लागतंय? पाय हायत ना?"

मी पुन्हा लिहिलं, 'घोषणा कोण देणार?'

"एवढ्या मोठ्या मोर्चात एकच तोंड? मग तो मोर्चा नव्हं, वरात हाय." आणि दारात उभ्या असलेल्या मावशींना म्हणाल्या, "ह्या घोषणाबाईला पाणी द्या."

तेव्हापासून मी घोषणाबाई. माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत उच्चारलं नाही.

त्या स्वतः कधी आवाज चढवायच्या नाहीत. लांबून कुणाला हाक मारायच्या नाहीत. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला शिपाई दिसला तर चालत त्याच्यापर्यंत जायच्या, खांद्याला बोट लावायच्या आणि मग बोलायच्या. सुरुवातीला मला हे नाटक वाटलं. बघता बघता अख्खा विभाग तसा वागायला लागला. पेशंटांना तिखट, तेलकट, रात्रीचं जागरण, सगळं बंद करायच्या, आणि दुपारी डबा उघडला की कडक भाकरी आणि लालभडक शेंगाचटणी. कुणी पेशंटानं पकडलं तर म्हणायच्या, "माझ्या घशाला गाठ हाय का? तुमच्या हाय. गप जेवू द्या."

त्यांना एका वाक्याची चीड होती: 'आता बरं वाटतंय.' पेशंट हे म्हणाला की त्यांचा चेहरा पडायचा. "कुणाला बरं वाटतंय? कुठं? किती वेळ?" हे तीन प्रश्न त्या अगदी आनंदानं आलेल्या माणसालाही विचारायच्या. एकदा एक रिटायर्ड क्लार्क पेढे घेऊन आले होते. त्यांनाही विचारले. पेढा तोंडात ठेवून विचारले.

थेरपी देणारे पुष्कळ असतात. दिलेल्या थेरपीचा उपयोग होतो का, हे शोधायचं खूळ त्यांच्या डोक्यात होतं. हॉस्पिटलनं त्यांना तसा अभ्यास करायला परवानगीही दिली, कारण अभ्यास म्हटलं की विभागाचं नाव होतं. एका बाजूला झेडपीच्या शाळेतल्या शिक्षिका, दुसऱ्या बाजूला कारखान्यातल्या कांडीवाल्या बायका. दोन्हीकडच्या बायकांचा घसा ओरडून गेलेला. उपचाराआधीचं बोलणं रेकॉर्ड करायचं, उपचारानंतरचं करायचं. मग सगळी रेकॉर्डिंग पत्त्यांसारखी पिसायची आणि कुठलं आधीचं कुठलं नंतरचं हे माहीत नसलेल्या लोकांना ऐकवायची. ऐकणाऱ्यांना त्या भिंतीकडं तोंड करून बसवायच्या. "माझा चेहरा बघितला की तुमाला उत्तर कळतं," म्हणायच्या. त्या स्वतः त्या वेळी खोलीत थांबायच्याच नाहीत. बाहेर जिन्यावर जाऊन बसायच्या, परीक्षेला पोर बसवलेल्या आईसारख्या.

निकाल उत्तम आला. शिक्षिकांचा आवाज सुधारला होता. कांडीवाल्या बायकांचाही सुधारला होता. विभागप्रमुखांनी (आम्ही सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो) स्टाफला वडापाव खिलवला. पुण्याला कॉन्फरन्स होती, तिथं मांडायचं ठरलं. थेरपी परिणामकारक, यंत्रमागाच्या गोंगाटातसुद्धा. हेडिंग तयार झालं.

आणि मग नरसम्मा रिक्षा स्टॉपवर भेटली.

अक्का स्कूटी घेऊन घरी निघाल्या होत्या. शिफ्ट सुटलेली. नरसम्मा रस्त्यापलीकडून मैत्रिणीला हाका मारत होती, "ए सत्यम्मा, थांब की! रिक्षा जातेय!" तो आवाज म्हणजे पत्र्यावर ओढलेला खडू. अक्कांनी स्कूटी थांबवली, चालत पलीकडं गेल्या, खांद्याला बोट लावलं. नरसम्मा वळली, बघितलं, आणि एका क्षणात डोक्यावर पदर आला, खांदे खाली आले, आवाज मऊ झाला.

"नमस्कार मॅडम. बरं हाय आता."

अक्का मला हे सांगताना दोन्ही हात कपाळावर आपटायच्या. "अगं, ती साहेबांसमोरचा आवाज काढत होती! माझ्या खोलीत येऊन सगळ्या बायका साहेबांसमोरचा आवाज काढत होत्या!"

बघा, ही आपल्याकडचीच गोष्ट आहे. डॉक्टर, हेडमास्तर, तलाठी, मालक, कुणीही टेबलापलीकडं बसलेला असला की आपली बाई हळू बोलते. घरात भांडी दणादण आपटणारी बाईसुद्धा केसपेपर हातात आला की दबकून, नीट, सावकाश बोलते. नरसम्मा घरी तेलुगू बोलते. मॅडमसमोर मराठी वाक्य वाचायचं म्हणजे ती आणखीच जपून वाचणार. पहिल्या दिवशी ती अनोळखी जागेत घाबरून, घसा आवळून बोलली होती. पुढं मॅडमची ओळख झाली, मॅडमला काय आवडतं ते कळलं, तसं ती मॅडमनं शिकवलेल्या आवाजात बोलायला लागली. मॅडमला बरं वाटावं म्हणून. मशीननं ते टिपलं. ऐकणाऱ्यांनी भिंतीकडं तोंड करून त्याला चांगले मार्क दिले. सगळे प्रामाणिक होते आणि निकाल खोटा होता.

दुसरा कुणी असता तर रिक्षा स्टॉपवर काही ऐकलंच नाही असं ठरवून घरी गेला असता. हेडिंग तयार होतं, वडापाव खाऊन झाला होता. अक्कांनी सगळं पुन्हा काढलं. कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनची केबिन त्यांनी मागून घेतली. शिफ्ट सुटली की दोघी-दोघी बायकांना आत बसवायचं, दार बंद करायचं, मध्ये रेकॉर्डर ठेवायचा आणि स्वतः बाहेर उन्हात उभं राहायचं. बायकांना आधी विचारलेलं, रेकॉर्डिंग होतंय हे माहीत असलेलं. फक्त समोर मॅडम नाही, आपली मैत्रीण. बोला काय बोलायचं ते. त्या सासूवर बोलल्या, सुताच्या वासावर बोलल्या, मॅडमच्या साडीवर बोलल्या. सोलापूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. अक्का डोक्यावर ओला रुमाल टाकून गेटला उभ्या. वॉचमन म्हणायचा, "मॅडम, तुमी आत बसा की, मी भाईर थांबतो." त्या म्हणायच्या, "मी आत बसले तर आवाज बाहेर जातो."

शाळांमध्येही त्या तशाच गेल्या. शिक्षिकांची रेकॉर्डिंग शाळा सुटल्यावर, दुसऱ्या शिक्षिकेशी गप्पा मारताना घेतली. शिक्षिकांचा आवाज तिथंही सुधारलेला निघाला. कांडीवाल्या बायकांचा नाही निघाला. खोलीत शिकलेलं सगळं मागाच्या खडखडाटात पहिल्या तासाला संपत होतं. शेजारच्या मागावरच्या माणसाला 'सूत तुटलं' एवढं सांगायला जिथं किंचाळावं लागतं, तिथं नळीतून बुडबुडे काढायचा व्यायाम काय करणार?

अक्का हे कागद घेऊन सरांकडं गेल्या. पुढचं त्यांनी मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं, आणि त्या कधी पदरचं घालायच्या नाहीत.

"वॉचमनची केबिन म्हणजे लॅब आहे का शिवलीला?" सर म्हणाले.

"नाही सर. पण नरसम्मा लॅबमध्ये राहत नाही."

"शास्त्राला कंट्रोल्ड वातावरण लागतं."

"खोलीत वातावरण कंट्रोल्ड नव्हतं, बाई कंट्रोल्ड होती."

सर हसले. सर चांगले हसतात, फ्लेक्सवर बघा. मग म्हणाले, आपण खोलीतली रेकॉर्डिंग ठेवू, गेटवरची वगळू, तुझं पहिलं नाव राहील. अक्का म्हणाल्या, दोन्ही ठेवा, माझं नाव शेवटी टाका. सर म्हणाले, मालक मंडळी आपल्याला शिबिरासाठी मदत करतायत, त्यांना आपण काय सांगायचं, की उपयोग होत नाही? अक्का म्हणाल्या, "सांगायचं, कांडीचं काम मागापासून वेगळ्या खोलीत न्या. मध्ये एक भिंत घाला. मग मी थेरपी देते, मग बघू होतो का उपयोग."

एक भिंत! बाईनं एक भिंत मागितली होती. पगारवाढ नाही, युनियन नाही, माझ्या पत्रकातल्या दहा मागण्यांपैकी एकही नाही. विटांची एक भिंत. त्या स्वतः मालकाकडं जाऊन आल्या. मालक म्हणाले, "मॅडम, शिबिर झालं की. बायकांना सर्टिफिकेट दिलं, तुमच्याच हॉस्पिटलचं. आवाज सुधारला असं लिहिलंय त्यात. आता भिंत कशाला?"

हे ऐकून मी काय केलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी जे केलं ते पत्रक. तासाभरात लिहून काढलं. 'व्हॉइस थेरपी म्हणजे कामगारांच्या डोळ्यांत धूळ!' असं वर ठळक. छपाईला टाकण्याआधी, नावं चुकली नाहीत ना ते बघायला, अक्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"हे खोटं आहे."

"काय खोटं आहे? मालक खोटं बोलतायत, सर खोटं बोलतायत…"

"आणि तू पण. थेरपी म्हणजे धूळ नाही. शिक्षिकांना उपयोग झालाय. नरसम्माला माझ्या खोलीत झाला, कारखान्यात झाला नाही. ही तिन्ही वाक्यं लिही."

"अक्का, तीन वाक्यांचं पत्रक कोण वाचतं? चौकात उभं राहून वाटायचं असतं ते. लोकांना एक गोष्ट कळली पाहिजे."

"सरांना पण लोकांना एकच गोष्ट कळवायची हाय. तुला दुसरी एकच कळवायची. उद्या शाळेतली एखादी बाई तुझं पत्रक वाचून घरी बसली, घसा घालवून बसली, तर तिच्याकडं कोण जाणार? तू?"

मी चिडले. म्हणाले, तुमच्यासारख्यांमुळंच ह्यांचं फावतं. ते बेधडक खोटं छापतात आणि आपण 'परंतु', 'तथापि' करत बसतो. त्या म्हणाल्या, "व्हय, फावतं." एवढंच. वाद घातला असता तर मी जिंकले असते. त्यांनी वादच घातला नाही, डबा उघडून चटणी पुढं सरकवली.

पत्रक मी तिन्ही वाक्यांसकट छापलं. अत्यंत पडेल पत्रक झालं. लोक घडी घालून खिशात ठेवत होते, आणि शेंगा खाताना टरफलं टाकायला काढत होते. ह्या बाबतीत मी अक्कांवर अजून रागावलेली आहे आणि राहणार आहे.

कॉन्फरन्सच्या आधी विभागात एक सराव-बैठक झाली. ट्रस्टी आले होते. मलाही अक्कांनी मागच्या खुर्चीवर बसवून घेतलं, 'श्रोत्यांत एक अडाणी लागतो' म्हणून. सरांनी पडद्यावर आलेख दाखवले, सगळ्या रेषा वर जाणाऱ्या. अक्का उठल्या, म्हणाल्या, एक नमुना ऐकवते, आणि त्यांनी स्पीकरला रेकॉर्डर लावला. नरसम्माचा आवाज नव्हता. कारखान्याच्या आतला आवाज होता, नुसते माग. खोली थरथरायला लागली, टेबलावरच्या बशा वाजायला लागल्या. अक्का सरांकडं वळल्या आणि हातानं खूण केली: बोला, चालू ठेवा.

मला वाटलं आता सर ओरडणार, त्यांचा आवाज फाटणार, ट्रस्टींना कळणार. पत्रकं लिहिणाऱ्यांना असंच वाटत असतं. सर नुसते हसत उभे राहिले, शिपायाला भुवईनं खुणावलं, आणि त्यानं प्लग काढला. एक ट्रस्टी कानात बोट फिरवत म्हणाले, "बाप रे, हे लोक काम कसं करतात हो?" सगळे हसले. मग जेवण होतं. मटकीची उसळ चांगली झाली होती असं सगळ्यांचं मत पडलं. अक्का रेकॉर्डरची वायर गुंडाळत होत्या, अगदी सावकाश, जणू ती दुखावेल.

त्यांचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. कारण विचारलं तर पद रिकामं नाही असं सांगितलं. ज्या पदावर त्या बसलेल्या होत्या ते पद रिकामं नव्हतं, हे तर खरंच होतं! त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली, बिचारी चांगली आहे, थेरपी नीट देते. गेटवर जात नाही.

शेवटचं मी त्यांना त्याच हॉस्पिटलात पाहिलं. पेपर छापायला निघाला होता, फक्त खोलीतल्या रेकॉर्डिंगचा, आणि त्यावर अक्कांचं नाव पहिलं होतं. आता त्या धारवाडला एका कॉलेजात शिकवायला निघाल्या होत्या, आणि तिथं एवढं छापील नाव उपयोगीच पडलं असतं. त्या नाव काढून घ्यायला आल्या होत्या. मी कशाला गेले होते? भांडायला. त्यांनी मला सरांच्या केबिनबाहेर बाकावर बसवलं आणि एकट्याच आत गेल्या. आतून आवाज आला नाही. त्यांचा येणारच नव्हता, सरांचाही आला नाही.

बाहेर आल्या.

"काढलं?"

"काढलं."

"मग आता गेटवरच्या रेकॉर्डिंगचं काय?"

"माझ्याकडं हायत. तिकडं जाऊन लिहिते परत. छापतील, नाहीतर परत पाठवतील. परत पाठवलं तर परत लिहायचं."

"आणि तोपर्यंत? नरसम्मा?"

नरसम्मासाठी त्यांच्याकडं काही नव्हतं आणि आहे असं त्या म्हणणार नव्हत्या. आम्ही जिना उतरलो. खाली जिन्याखालच्या खोलीसमोर एक बाई उभी होती, हातात पर्स, बोटांना खडूची पूड. दारावर नव्या शिबिराचं पोस्टर लावलेलं, तेच हसणारे सर. बाईनं आम्हाला विचारलं, घशातून जेमतेम निघणाऱ्या आवाजात, "ते आवाजाचं… हितंच का? माझी मैत्रीण म्हणते काही उपयोग होत नाही."

माझ्या तोंडापर्यंत उत्तर आलं होतं. माझ्याकडं तर त्या खोलीबद्दल भाषणच तयार होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का पुढं झाल्या, चालत तिच्याजवळ गेल्या, खांद्याला बोट लावलं.

"तुम्ही शिक्षिका ना? मग होतो उपयोग. खरंच होतो. व्यायाम सोडू नका." मग पोस्टरकडं न बघता त्यांनी दार थोडं ढकलून दिलं. "आणि आतल्या बाई विचारतील कसं वाटतंय, तर खोलीतलं सांगू नका. वर्गातलं सांगा."

बाई आत गेली. अक्कांनी तिच्यामागं दार अलगद लावून घेतलं, आतलं बोलणं बाहेर येऊ नये म्हणून. मग पदर खोचून त्या स्कूटीकडं गेल्या. मी तिथंच उभी होते, आणि त्यांनी लांबून हाक मारली नाही.